भिंतीकडे तोंड करणारी चावीवाली

६ सप्टेंबर २०१५, रविवार. त्या दिवशी मी १,६५० रुपये रोख मोजून घरासाठी वायरलेस राउटर आणला. पावती आहे. केबलवाल्याचे इंटरनेट आठवडाभर आधीच घरात आले होते, पण ते एका तारेत आणि ती तार आमच्या आचलच्या टेबलापर्यंतच. आचल, माझी मुलगी, तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मोबाइलवर नेट हवे होते. मला ते घराबाहेर सांडायला नको होते. महिन्याला चाळीस जीबी मिळत आणि ते संपले की पुढचे दिवस साधे पानही उघडत नसे.

केबलवाला राउटर जोडून उठला आणि म्हणाला, "साहेब, नेट चालू करून देल्लं. आता त्याची सिक्युरिटी मले नका विचारू. त्याच्यासाठी खुर्शीदबीले बोलवा."

"कोण, चावीवाली खुर्शीदबी?"

"दुसरी कोनती?"

खुर्शीदबीच्या घराला मी तीस वर्षे ओळखत होतो, पण कुलपांपुरतेच. अकोल्याच्या ज्या शेतकी सहकारी संस्थेत मी लेखापाल होतो, तिचे एक तारण गोदाम आहे. सोयाबीन निघते तेव्हा भाव पडलेले असतात. ज्याला थांबायचे असेल तो शेतकरी माल आमच्या गोदामात ठेवतो आणि त्यावर उचल घेतो. वाईट वर्षांत हे गोदाम फार लोकांच्या कामी आले. गोदामाच्या दाराला दोन कुलपे. एक चावी संस्थेकडे, दुसरी शेतकऱ्यांनी निवडलेल्या पंचाकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. ही कुलपे नीट ठेवण्याचे काम आधी अब्दुल रहीम यांच्याकडे होते, त्यांच्या मागे त्यांच्या बायकोकडे, म्हणजे खुर्शीदबीकडे आले.

ती मूळची चांदूर बाजारची. वडील धान्याच्या कोठ्यांची कुलपे बनवत. सातवीपर्यंत उर्दू शाळा शिकली आणि शाळेतून आली की वडिलांच्या हाताखाली कानस चालवायची. लग्न होऊन अकोल्याला जुन्या शहरात आली, तेव्हा अब्दुल रहीम यांना बायकोबरोबर एक तयार कारागीरही मिळाला, पण ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. दुकानात ते बसत, चाव्या निम्म्या घरात घासल्या जात. २००६ साली ते गेले. विधवेने पाळायची इद्दतीची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने जयहिंद चौकाच्या अलीकडच्या त्या चार फुटी दुकानाच्या फळ्या काढल्या आणि आत बसली. कोणीतरी टोकलेच, "बाईमानूस चाव्या बनवते काय?" ती म्हणाली, "कानशीले कुठं समजते बाई हाय का बुवा?"

ती वर्षे व्यापाराला वाईट होती. कापसाला भाव नाही, बाजारात पैसा नाही. पण तिचे दुकान चालले. हातात पैसा नसला की माणूस नवे कुलूप घेत नाही, जुन्याचीच चावी करून घेतो. हे तिनेच मला एकदा सांगितले होते आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर असून ही गोष्ट मला आधी सुचली नव्हती याचे मला आश्चर्य वाटले होते.

अब्दुल रहीम यांचा एक रिवाज होता. साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घ्यायचा, चावी झाली की ती गिऱ्हाइकानेच पहिल्यांदा कुलपात फिरवायची, आणि मग त्याच साबणाने गिऱ्हाइकाने तिथेच हात धुवायचे. ठसा त्याच्या डोळ्यांदेखत जातो. खुर्शीदबीने तो रिवाज मोडला नाही. दुकानासमोर पाण्याचा एक डबा कायम भरलेला असे.

राउटरचे काम तिच्याकडे आले ते लेकीमुळे. लुबना अमरावतीला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. खुर्शीदबी तिच्याकडे राहायला गेली असताना लुबना घरचा राउटर लावत होती. ही बाजूला बसून बघत राहिली आणि म्हणाली, "बेटी, हे तं कुलूपच हाय." परत येताना वहीत सगळ्या पायऱ्या उर्दूत लिहून आणल्या. इंग्रजी तिला वाचता येत नसे. पण कोऱ्या चाव्यांवर इंग्रजी अक्षरे आणि आकडे असतात, ती तिला पाठ होती. सेटिंगच्या पानावर कोणती गोष्ट कुठे असते हे ती जागेवरून ओळखायची. एखाद्या कंपनीचे पान वेगळे निघाले की लुबनाला फोन लावून स्पीकरवर ठेवायची. दोन वर्षांत तिने निम्म्या डाबकी रोडचे राउटर बंदिस्त केले होते.

आमच्या घरी आली तेव्हा चपला बाहेर काढून थेट राउटरजवळ गेली आणि त्याला उलटा केला.

"हे पाहा साहेब. खाली चिठ्ठी हाय. कंपनीचं नाव न् कंपनीचा पासवर्ड. असे हजारो डबे बाजारात, सगळ्याले एकच चावी. पयले हे बदलवा. हे वाय-फायचं नाई, राउटरच्या सेटिंगचं कुलूप हाय."

मग सुरक्षेचा प्रकार. तिथे तीन-चार नावे होती. तिने डब्ल्यूईपीवर बोट ठेवले. "हे टिनाचं कुलूप. शाळेतलं लेकरू उघडते." मग डब्ल्यूपीए-टूवर. "हे पितळी." राउटरच्या मागे एक बटण होते, ते दाबले की पासवर्डशिवाय फोन जोडला जातो. तेही तिने पानावर जाऊन बंद केले. "चावी चौकटीवर ठेवून दाराले कुलूप लावाची काय गरज?"

"आता तुमचा पासवर्ड टाका. आठ अक्षरं तरी पायजेत. नाव नको, जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको."

एवढे बोलून ती उठली, आमच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि जमुनाला, माझ्या बायकोला, मोठ्याने विचारू लागली, "भाभी, वांगे काय भाव आनले?" मी टाइप करेपर्यंत वांगी, तूरडाळ आणि तेल असे तीन भाव झाले. ती बोलत राहते म्हणजे ती बघत नाही हे माणसाला कळत राहते. ही तिची साबणाची वडी.

"झालं," मी म्हणालो.

"मोठा हाय नं?"

"अकरा अक्षरं. कोणाच्या बापाला कळणार नाही."

शंभर रुपये घेऊन ती गेली.

मी टाकला होता दर्यापूर हा शब्द इंग्रजीत आणि पुढे २१४. दर्यापूर तालुक्यात जमुनाचे माहेर. वडिलांकडून तिला चार एकर काळी मिळाली, तिचा गट नंबर २१४. नाव नाही, तारीख नाही, गाडीचा नंबर नाही. मी खूश होतो. पासवर्ड मी जमुनालाही सांगितला नाही. तिच्या आणि आचलच्या फोनमध्ये मी स्वतः टाकून दिला.

ऑक्टोबरचे चाळीस जीबी एकोणीस तारखेला संपले. नोव्हेंबरचे बारा तारखेला, दिवाळीच्या पाडव्याला. आचल शपथेवर म्हणाली की तिने सिनेमा एकही पाहिला नाही. मी जादा पैसे भरून नेट पुन्हा चालू करून घेतले आणि वहीत रोजचा वापर लिहू लागलो. दुपारी दोन ते पाच, आम्ही तिघेही घराबाहेर असताना किंवा झोपलेले असताना, वापर सर्वांत जास्त होता.

सोळा तारखेला संस्थेत चहा घेताना मी आमचे अध्यक्ष रामराव यांच्यापुढे वैतागून बोलून गेलो, "पासवर्ड दोघांनाच माहीत. मला आणि त्या चावीवालीला."

रामरावांनी कप खाली ठेवला. "गावंडे, आपल्या गोदामाची कुलपंही तिच्याकडंच हायेत नं?"

"हो, पण..."

"आत दोन हजार पोते पडून हाय. लोकायचं हाय ते."

त्या संध्याकाळी शनिवार २८ नोव्हेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढला: गोदामाच्या कुलपांचे काम अन्य कारागिरास देणेबाबत. विषयपत्रिका मीच टाइप केली. तिच्याबद्दल मी वाईट काही म्हणालो नव्हतो, असे मी स्वतःला सांगितले. दोन दिवसांत मात्र आमच्या गल्लीत बायका एकमेकींना विचारू लागल्या की आपल्याही घराची चावी तिनेच केली होती ना.

बावीस तारखेला, रविवारी सकाळी, खुर्शीदबी फाटकात उभी. मी आत या म्हणेपर्यंत आली नाही.

"देवमननं सांगतलं," ती म्हणाली. देवमन आमच्या संस्थेचा शिपाई. "शनवारी माह्या कामाचा विषय हाय म्हने. साहेब, तुमी काय बोलले होते?"

"तुमच्याविरुद्ध काही बोललो नाही."

"तेच इचारून राहिली. काय बोलले होते?"

मी वाक्य जसेच्या तसे सांगितले. खोटे बोलायची सवय नाही.

"दोघं. तुमी न् मी. मले कवा दाखवला तुमी पासवर्ड?"

मला ती भिंत आठवली. वांग्यांचा भावसुद्धा आठवला.

"दाखवला नाही."

"मंग दोघं कुठून झालो आपन?"

जमुना दारात उभी राहून ऐकत होती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा बाई. यायले ऑफिसमदी हिशेब जमते, घरातले दोघं मोजता येत नाई."

खुर्शीदबी बसली नाही. "साहेब, चोर पकडू. मले पासवर्ड बदलवाचा नाई. कुलूप बदललं तं चोर हसत घरी जाते. कॉम्प्युटर उघडा."

मी राउटरचे पान उघडले. त्याचाही पासवर्ड टाकताना ती भिंतीकडे वळली, या वेळी काही बोलली नाही. मग जोडलेल्या उपकरणांची यादी काढायला लावली. पाच ओळी होत्या.

"घरातले सगळे फोन बंद करा."

माझा बंद केला, एक ओळ गेली. जमुनाचा, दुसरी गेली. आचलचा, तिसरी. एक ओळ आमच्या संगणकाची. पाचवी तशीच राहिली. एका फोनचे मॉडेल आणि त्यापुढे आकड्या-अक्षरांची लांब माळ.

"हा तुमचा नाई?"

"नाही."

"मंग हा भेटला. याले एकट्याले बंद करा. बाकी सगळं चालू राहू द्या." तिने पानावरची जागा दाखवली. मी त्या ओळीसमोरचे बटण दाबले. ओळ नाहीशी झाली. "आता बसते," म्हणून ती खुर्चीवर बसली. "भाभी, चहा ठेवा. तो येते."

"कोण येतो?"

"ज्याचं बंद झालं तो."

मला हे पोरकट वाटले. चोर कधी तक्रार घेऊन येतो काय? चहा झाला. कप विसळायला जमुना मोरीकडे गेली तोच कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या खुशालरावांचे डोके वर आले. खुशालराव जमुनाच्याच गावचे, मुलांच्या शिक्षणासाठी अकोल्यात येऊन राहिलेले. मी त्यांच्या गावचा जावई, म्हणून मला नावाने कधी हाक मारत नसत.

"जवाईबुवा, तुमचं नेट गेलं काय हो?"

"नाही. आमचं चालू आहे."

"असं कसं? आमच्याकडं तं..." खुशालराव थांबले.

"तुमच्याकडं काय?" जमुना ओल्या हातांनीच भिंतीपाशी गेली. "खुशालदादा, तुमच्या घरी नेट कवा आलं?"

खुशालरावांनी टोपी काढून परत घातली. "आता तुले काय सांगू, जमुना. थोडंसं पाह्यतो. शंकरपट. पट बंद झाले, बैल इकले, पन शर्यतीचे जुने व्हिडिओ हायेत नं बाप्पा. दुपारी झोप लागत नाई."

"आणि पासवर्ड?" मी विचारले. माझा आवाज चढला होता. "पासवर्ड कुठून मिळाला?"

"भेटाचा काय त्याच्यात! पयले आचलचं नाव टाकलं, नाई लागलं. तुमच्या स्कूटरचा नंबर टाकला, नाई लागलं. मंग म्हनलं जवाईबुवा हाय, सासऱ्याची जमीन इसरत नाई. माहा गट दोनशे तेरा. धुऱ्याच्या पलीकडं तुमचा दोनशे चौदा. दर्यापूर लिहून पुढं तो टाकून पाह्यला, तं भस्सकन् लागला!"

त्यांच्या तोंडावर पकडले गेल्याची लाज थोडी आणि कोडे सोडवल्याचा आनंद जास्त होता. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बोटभर जागेसाठी आमच्याकडे लोक तीन पिढ्या कोर्टात जातात. अशा ठिकाणी धुऱ्यापलीकडच्या माणसाला माझा गट नंबर पाठ नसेल असे मी कसे धरले? गावात तो तलाठ्याला माहीत, सोसायटीला माहीत, गुराख्यालाही माहीत. तोच पासवर्ड मी जमुनाला मात्र सांगितला नव्हता, आणि जमीन तिची होती.

खुर्शीदबी खुर्चीवरून उठली. हसली नाही. "साहेब, मी नाव, तारीख, गाडी सांगतलं होतं. गट नंबर सांगाचा राहून गेला. ते माही चूक. बाकीची कोनाची ते तुमी शनवारी सांगा."

"मी सांगतो रामरावांना. विषय काढून टाकायला लावतो."

"काढू नका. काढला तं लोक म्हनतील, बाईनं हातापाया पडून काढवला. विषय राहू द्या. निकाल लिहा."

तो आठवडा मला जड गेला. निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. पस्तीस वर्षांत माझ्या कामावर शेरा नव्हता. सभेत मी तोंडाने सांगितले असते तर लोक हसले असते आणि विसरले असते. ठराव पुस्तकात राहतो. लेखापरीक्षक तो वाचतो. आणि खरे सांगायचे तर बुधवारी आणखी एक गोष्ट लक्षात आली: संस्थेच्या संगणकाचा पासवर्डही मीच ठेवला होता, आणि तो संस्थेचा नोंदणी क्रमांक होता. हा क्रमांक आमच्या दारावरच्या पाटीवर रंगवलेला आहे. मी उठून बाहेर जाऊन पाटी बघून आलो.

शनिवारी सात संचालक होते. विषय आला तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. राउटर, गट नंबर, खुशालराव, शंकरपट. पाटीवरचा क्रमांकही सांगितला. हशा झाला. रामराव म्हणाले, "गावंडे, तुम्ही तं आमच्यापेक्षाही कास्तकार निघाले!" मग हसू आवरून म्हणाले, "ठीक हाय. काम बाईकडंच राहू द्या. पुढचा विषय घ्या."

खुर्शीदबी दाराशी बसली होती, तिथून उभी राहिली. "रामरावभाऊ, काम देल्लं, मेहरबानी. पन लिहून द्या."

"काय लिहू? काम तुमच्याकडंच राहिलं, संपलं."

"तसं नाई. पासवर्ड मले ठाव नव्हता, हे लिहा. कोनाच्यानं गेला, हेही लिहा."

"इतकं कायले पायजे?"

"भाऊ, बोलण्यानं गेलं ते बोलण्यानं परत येत नाई. माह्या दुकानात गिऱ्हाईक घराची चावी ठेवून भाजी आनाले जाते. या पंधरा दिवसांत कोनी ठेवली नाई. हातात धरून उभे राहतात."

मी ठराव पुस्तक ओढले आणि लिहू लागलो: सदर पासवर्ड श्रीमती खुर्शीदबी अब्दुल रहीम यांना कधीही माहीत नव्हता. लेखापाल गावंडे यांनी तो सहज ओळखता येईल असा ठेवल्यामुळे व त्याबाबत चुकीचे विधान केल्यामुळे श्रीमती खुर्शीदबी यांच्यावर विनाकारण संशय आला. हे लेखापालांच्या निष्काळजीपणामुळे घडले.

मी वाचून दाखवले. रामराव हळूच म्हणाले, "निष्काळजीपणा नका लिहू. अनवधान लिहा. पेन्शनची बाब असते."

मी खुर्शीदबीकडे पाहिले. तिने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. भिंतीकडेही वळली नाही. या वेळी ती बघत होती.

"निष्काळजीपणाच बरोबर आहे," मी म्हणालो आणि पुस्तक सह्यांसाठी पुढे सरकवले.

सात सह्या झाल्या. त्याखाली तिनेही उर्दूत सही केली, तशी गरज नव्हती. सोमवारी तिने ठरावाची प्रत आपल्या दुकानाच्या फळीवर चिकटवली. काही दिवसांनी मी तिथून गेलो तेव्हा खिळ्याला तीन घरांच्या चाव्या लटकत होत्या आणि मालक कोणी समोर नव्हते. संस्थेच्या संगणकाचा आणि घरच्या राउटरचा असे दोन्ही पासवर्ड मी बदलले. तिने त्यांत चार आडवेतिडवे शब्द गुंफायला सांगितले, जे एकमेकांना ओळखत नाहीत. खुशालरावांना जमुनाने स्पष्ट सांगितले की पट पाहायचा तर आमच्या घरी येऊन पाहा. ते येतात, आणि मीही पाहतो.

सभेच्या दिवशी ठरावाच्या दोन प्रती काढल्या, एक तिला, एक गोदामाच्या फाइलला. देवमनजवळ सुटे नव्हते म्हणून झेरॉक्सचे चार रुपये तिने दिले. ते संस्थेकडून तिला अजून देणे आहे.